सहावी ब बिनविरोध

सहावी ब ची निवडणूक बिनविरोध झाल्याची बातमी मला सोमवारी वर्गात शिरता शिरताच मिळाली, आणि हातातला खडू मी टेबलावर असा आपटला की त्याचे तुकडे पहिल्या बाकापर्यंत गेले. पोरं हसत होती ती गप्प झाली. माझा स्वभाव त्यांना माहीत आहे. माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे, पण त्याला घरात राहावं लागतं, पोरांना निदान साडेबाराला सुटका मिळते.

"बिनविरोध म्हणजे काय झालं नेमकं?" मी विचारलं.

ओंकार उभा राहिला. "मॅडम, स्नेहलनी अर्ज मागं घेतला. आता मी एकटाच हाय. बटन दाबायची गरजच न्हाई." आणि तो माझ्याकडे पाहून हसला. माझं मोठं काम हलकं केल्यासारखा.

झालं होतं असं. आमची शाळा पिंपळठाणची, चाकणच्या पुढे, चारी बाजूंनी कंपन्या आणि मधे गाव. मी चिंचवडहून येते. पहाटे उठून, ट्रकांच्या रांगेतून गाडी काढत. सकाळची शाळा, वीसेक वर्षं समाजशास्त्रच शिकवतेय, म्हणजे इतिहास, भूगोल आणि ज्याला कोणी हिंग लावून विचारत नाही ते नागरिकशास्त्र. या वीस वर्षांत मी किती प्रशिक्षणं केली त्याचा हिशेब नाही. कधी म्हणाले मुलांना गोलात बसवा, कधी म्हणाले गटात बसवा, कधी म्हणाले शिक्षकाने बोलूच नये. शेवटचं तर मला अजिबात जमलं नाही.

यंदा एका कंपनीने शाळेला मोठा पॅनल दिला, भिंतभर टीव्हीसारखा, आणि सहावीच्या प्रत्येक मुलाला वर्गात वापरायला टॅब. मी नाक मुरडलं होतं, खोटं का बोलू. पण पहिल्याच दिवशी त्या पॅनलवर मी उपग्रहातून दिसणारं आमचं गाव लावलं आणि बोटाने मोठं करत गेले, तेव्हा वर्गाने जो आरडाओरडा केला तो मी माझ्या वीस वर्षांच्या नकाशांसाठी कधी ऐकला नव्हता. गावातली पोरं पुढे धावली. "मॅडम, तो निळा पत्रा दिसतोय ना, तिथं आमचं वावर होतं." मागच्या बाकांवरच्या पोरांनी मग सांगितलं, मॅडम, लहान करा, अजून लहान करा, आता उजवीकडे सरकवा, हिंगोली दाखवा. मी सरकवलं. हिंगोली दाखवली, नांदेड दाखवलं, औसा दाखवलं. तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही. त्या दिवसापासून पॅनलशी माझं जमलं.

तर सहावीला ग्रामपंचायतीचा धडा येतो. मी ठरवलं, वर्गाचीच ग्रामपंचायत करायची. अर्ज भरायचे, प्रचार करायचा, टॅबवर मतदान, पॅनलवर निकाल. कंपनीकडून हे सगळं बघणारे प्रीतम सर वाकडला राहतात, तरुण आहेत, दर वाक्यात एकदा 'एंगेजमेंट' म्हणतात, पण मनाने चांगले. त्यांना कल्पना इतकी आवडली की ते म्हणाले, जो निवडून येईल त्याची एक मागणी कंपनी पूर्ण करेल. मंगळवारी ते स्वतः बघायला येणार होते. गावचे माजी सरपंच मारुतराव पाहुणे म्हणून येणार होते.

उभे दोघेच राहिले. एक ओंकार, मारुतरावांचा नातू. त्याची मागणी क्रिकेटचं किट. दुसरी स्नेहल कऱ्हाळे. हिचे आईवडील हिंगोलीकडून आलेले, वडील कंपनीत कंत्राटी, आई दुसऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये. बारीक अंगाची, वर्गात विचारल्याशिवाय न बोलणारी पोरगी. प्रचाराच्या दिवशी ती पुढे आली आणि ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "वरची चित्रकलेची खोली दुपारभर बंद असती. शाळा सुटल्यावर ती पाचपर्यंत उघडी ठेवायची. एक पंखा पाहिजे आणि एक मोठं माणूस पाहिजे."

वर्ग खो खो हसला. शाळा सुटल्यावर परत शाळाच?

स्नेहलने ओढणी सोडली. मग म्हणाली, "आमच्या खोलीत बाबा झोपलेले असतेत. त्यांची तिसरी शिफ्ट हाय. मी अन् माझा भाऊ जिन्यात बसतो."

मागच्या बाकांवरचं हसू तिथेच थांबलं. कारण मागच्या बाकांवरच्या निम्म्या घरांत दिवसा झोपलेला माणूस असतो. कोणाचा बाप, कोणाचा काका, कोणाचा मामा. एकच खोली, आणि त्या खोलीत रात्रभर मशीनपुढे उभा राहून आलेला माणूस चादर तोंडावर घेऊन पडलेला. या चाळींमध्ये दुपारी कोणी बादली सुद्धा आपटत नाही. पोरं खेळायला लागली की कोणत्या तरी दारातून कोणी तरी हुसकून लावतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. पोरं मग जिन्यात बसतात, टाकीच्या सावलीत बसतात, रस्त्याच्या कडेला कंटेनर मोजतात.

मला त्याच दिवशी कळलं की ही पोरगी निवडून येणार. वर्गात गावची पोरं मूठभर आहेत, बाकी सगळी खोल्यांमधली. मंगळवारी पॅनलवर तिचं नाव झळकेल आणि ती खोली उघडेल, असं सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. आणि आता हा ओंकार म्हणतो, बटन दाबायची गरज नाही.

"अर्ज मागे घ्यायला तिला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"आमी गेलो होतो, मॅडम. रविवारी. मी अन् अजून तिघं." ओंकार मन मोकळं करून सांगायला लागला. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "आजोबा जातात तसंच. नारळ नेला, टॉवेल-टोपी नेली. तिच्या भावाला टोपी घातली. तिला म्हणलं, वर्गात तंटा नको, तू उपसरपंच हो. दोघांचा बी मान राहील."

"आणि ती हो म्हणाली?"

"व्हय. सत्कार जिन्यातच केला. हळूच बोललो सगळं, आत तिचे वडील झोपले होते ना. टाळ्या पण वाजवल्या न्हाईत. तिच्या भावानी तोंडावर बोट ठेवलं, मग आमी बी ठेवलं." हे सांगताना त्याचा आवाज जरा मंदावला. मग तो खाली बसला.

मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं. कारण पोराने जे केलं ते त्याच्या घरातली सगळ्यात चांगली गोष्ट समजून केलं. पिंपळठाणमध्ये पूर्वी निवडणुकीत सख्खे भाऊ एकमेकांवर काठ्या घेऊन धावले होते. नंतर मारुतरावांनी पायंडा पाडला. अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी देवळात बसायचं, सगळ्यांना बोलावायचं, समजूत घालायची, जो माघार घेईल त्याला नारळ आणि टॉवेल-टोपी देऊन मानाने घरी पोचवायचं. तेव्हापासून गावात भांडण नाही. मारुतराव हे अभिमानाने सांगतात आणि त्यांना तो हक्क आहे. मी धडा शिकवला तो ओंकारने वहीत उतरवला. घरी पाहिलं ते मात्र त्याने करून दाखवलं. कृतीतून शिक्षण म्हणतात ते हेच असेल तर माझी सगळी प्रशिक्षणं मारुतरावांनीच घ्यायला हवी होती.

मधल्या सुट्टीत मी स्नेहलला व्हरांड्यात घेतलं. "कोणी दम दिला का तुला?"

"नाही, मॅडम. लई चांगलं बोलले."

"मग माघार का घेतलीस? तुला ती खोली नको होती का?"

"पाहिजे होती. बाबा मधेच उठले, मॅडम. दारातून त्यांनी ओंकारला पाहिलं. मला आत बोलावलं अन् म्हणले, मालकाच्या नातवासमोर उभं राहायचं नसतंय. आपण त्यांच्या खोलीत राहायलो."

चाळ मारुतरावांची. हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वर्गात निम्म्यांच्या खोल्या त्यांच्याच आहेत. माणूस म्हणून त्यांच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे काही नाही. लॉकडाऊनमध्ये त्यांनी एकाही भाडेकरूला खोली सोडायला लावली नाही, उलट घरचे गहू वाटले. कऱ्हाळेला कोणी धमकी दिली नव्हती. पण मालकाचा नातू दारात नारळ घेऊन उभा राहिला की भाडेकरूला धमकीची गरज लागत नाही.

"मी मुख्याध्यापकांशी बोलते," मी म्हटलं. "तुझा अर्ज परत भरून घेऊ."

"नको, मॅडम." तिने माझा हात धरला. एरवी ती माझ्या टेबलाजवळ सुद्धा येत नाही. "मला नका उभं करू. बाबांला पण काही म्हणू नका."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वच्छतागृहाच्या बाजूला जाऊन दोन मिनिटं एकटी उभी राहिले. राग होता, पण तो घालायचा कोणावर? कऱ्हाळेवर नाही, मारुतरावांवर नाही, त्या ओंकारवर तर नाहीच. एक पोरगी दुपारभर जिन्यात बसणार होती आणि सगळेजण एकमेकांशी अत्यंत चांगलं वागले होते.

आमचे मुख्याध्यापक दादासाहेब सर यांना मात्र सगळं छान वाटलं. "झालं ते बरं झालं, मॅडम. उद्या मारुतराव येणार. नातू सरपंच झाला म्हटल्यावर खूश होतील. फोटो काढू, पेढे वाटू."

"आणि कंपनीच्या टॅबवर बटन कोण दाबणार? पेढे?"

"तुम्ही पॅनलवर एखादा व्हिडिओ लावा ना."

मी तिथून निघाले ती पुस्तक घेऊनच बसले. उपाय पुस्तकातच होता, मीच दरवर्षी घोकून घेते तो. सरपंच बिनविरोध झाला तरी गावात कोणतं काम आधी करायचं हे ग्रामसभेत ठरतं. सभेत सगळे मतदार बसतात आणि तिथे उमेदवार नसतो, तिथे फक्त काम असतं. म्हणजे उद्या कोणाला कोणासमोर उभं राहायला नको. किट की खोली, एवढंच विचारायचं. शाळा सुटायच्या आधी मी ओंकारला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "व्हय मॅडम, आमच्या आजोबांच्या सभेत पण हात वर करायला लावतात."

"आणि मग?"

"मग आजोबा बघतात अन् सगळे करतात."

मी म्हटलं, "आपण हात वर करणार नाही. आपण टॅबवर मत देऊ." माझ्या हुशारीवर मी खूश होते.

मंगळवारी ओंकार फेटा बांधून आला. आजोबांनी स्वतः बांधलेला, शेमला पाठीवर सोडलेला. त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं, समोर टेबल, त्यावर रिकामा ग्लास. शेजारी उपसरपंच स्नेहल. पाहुण्यांच्या खुर्च्या पॅनलच्या बाजूला, म्हणजे मारुतराव नातवापासून हातभर अंतरावर. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि चेहऱ्यावर न मावणारा आनंद. प्रीतम सर मोबाईल धरून तयार. दादासाहेब सरांनी फोटोवालाही बोलावला होता.

मी ग्रामसभा म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं आणि पॅनलवर प्रश्न उघडला. गावाने आधी कोणतं काम करावं? एक, क्रिकेटचं किट. दोन, दुपारी चित्रकलेची खोली उघडी. मागणी कोणाची ते लिहिलं नव्हतं. "टॅबवर बोट लावा," मी म्हटलं.

पहिलं बोट समाधानने लावलं, तिसऱ्या बाकावरच्या. आणि भिंतभर पॅनलवर एक चौकोन उमटला. त्यात लिहिलं होतं, समाधान, खोली.

टॅबवरचं ते ॲप मुळात चाचणीचं होतं. कोणाचं उत्तर चुकलं, कोण कुठे अडलं हे शिक्षकाला लगेच दिसावं म्हणून ते नावं दाखवतं. आठवडेच्या आठवडे मी ते राजधान्या आणि नद्या विचारायला वापरलं होतं आणि त्याचं कौतुक केलं होतं. मतदानाला तेच ॲप चालवताना नावाचं माझ्या लक्षातच आलं नाही.

मारुतरावांनी चष्मा सावरला आणि सावकाश वाचलं. "समाधान, खोली." मग मायेने म्हणाले, "तू आपल्या वरच्या माळ्यावरचा ना रं?"

त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं. ओळखीचं पोर दिसलं म्हणून विचारलं एवढंच. पण समाधानचा चेहरा उतरला. त्याने मान खाली घातली, बोट हललं, आणि पॅनलवरचा चौकोन बदलला. समाधान, किट.

मग बाकीचे चौकोन उमटायला लागले. किट. किट. किट. मागच्या बाकांवरून, जिथे प्रचाराच्या दिवशी हसू थांबलं होतं, तिथून एकेक नाव येत होतं आणि प्रत्येक नावापुढे किट. पोरं टॅबकडे बघायच्या आधी मारुतरावांच्या टोपीकडे बघत होती. प्रीतम सर खुशीत म्हणाले, "बघा, लाइव्ह येतंय सगळं." एकच चौकोन रिकामा होता. स्नेहलने टॅब मांडीवर उलटा ठेवला होता.

मी पॅनलचं बटन दाबलं आणि तो बंद केला. भिंत काळी झाली.

"मॅडम, डेटा जाईल," प्रीतम सर म्हणाले.

"जाऊ द्या."

दादासाहेब सर खुर्चीतून अर्धे उठले. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "सगळ्यांनी टॅब बाजूला ठेवा. डोकी बाकावर. डोळे मिटा. सरपंच, उपसरपंच, तुम्हीही. जो डोळे उघडेल त्याचं मत बाद." मग मी पाहुण्यांकडे वळले. माझा आवाज जरा चढलेला होता, पण आता खाली आणता येत नव्हता. "आणि मतदान गुप्त असतं, त्यामुळे आपण सगळ्यांनी कृपया भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. सर, तुम्ही पण. फोटोवाले दादा, तुम्ही पण."

दादासाहेब सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी मारुतरावच उठले. गुडघ्यावर हात टेकून, हसत. "आमाला गुरुजी असंच उभं करायचे. लई वरसांनी जमलं." आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग प्रीतम सर वळून उभे राहिले, फोटोवाला राहिला आणि दादासाहेब सरांना राहावंच लागलं.

मी वर्गाकडे पाहिलं. सगळी डोकी बाकांवर, दप्तरांवर, कोपरांत. तेल लावलेल्या वेण्या, अर्धवट निघालेल्या रिबिनी. पुढे टेबलावर एक फेटा आडवा झालेला.

"ज्यांना किट हवं त्यांनी हात वर करा."

गावची पोरं, बहुतेक सगळी. खोल्यांमधली दोन-तीन, जी क्रिकेटसाठी जेवण सोडतील. एवढेच. मी टेबलाकडे पाहिलं. फेट्यामागून हात वर आला नव्हता. मला वाटलं, पोरगा खुर्चीत बसलाय म्हणून त्याला वाटतंय आपल्याला मत नाही. मी म्हटलं, "सरपंचालाही मत असतं बरं का."

तरी हात आला नाही.

"हात खाली. आता, ज्यांना दुपारी खोली उघडी हवी त्यांनी."

आधी समाधानचा आला, खांद्यापासून ताणलेला. मग मागचे सगळे बाक, एका पाठोपाठ एक, काही आवाज न करता. दुपारी बादली न आपटणारी ही पोरं, हात वर करतानाही त्यांनी बाक करकरू दिला नाही. स्नेहलचा हात वर आला, बांगडी कोपरापर्यंत घसरली. आणि मग तिच्या शेजारी फेट्याखालून एक कोपर सरकलं, टेबलावर टेकलं, आणि ओंकारचा हात वर आला. पूर्ण वर नाही, कानापर्यंत. त्याच्या आजोबांची पाठ त्याच्यापासून हातभर लांब होती. पण हात खाली गेला नाही. त्या रविवारी जिन्यात तोंडावर बोट ठेवून त्याने जे पाहिलं होतं, ते त्याला चांगलंच समजलं होतं.

माझे डोळे भरून आले. मी लवकर रडणारी बाई नाही. पण इतक्या वर्षांत मी शिकवलेलं नागरिकशास्त्र मला पहिल्यांदा कोणाच्या तरी हातात दिसलं, आणि ते पाहणारी मी एकटीच होते.

"हात खाली. डोकी वर. पाहुण्यांनी बसून घ्यावं." मी नाक पुसलं. "सभेने ठरवलं आहे. दुपारी ज्या पोरांना जिन्यात बसावं लागतं त्यांच्यासाठी चित्रकलेची खोली."

मागचे बाक आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग टाळ्यांचा गजर झाला. प्रीतम सर भला माणूस, एका मिनिटात पंखा, सतरंजी आणि गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट कबूल करून मोकळे झाले. "पण मोठं माणूस कोण बसणार?" त्यांनी विचारलं. "मी," माझ्या तोंडून निघून गेलं आणि लगेच चिंचवडचा रस्ता आणि दुपारचं ऊन डोळ्यांपुढे आलं. पण बोललेलं परत घेणं मला जमत नाही.

मारुतरावांनी मात्र टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरं दुपारची जिन्यात बसत्यात? आमच्या?"

मागच्या बाकांवरच्या माना खाली गेल्या.

"मला कुणी बोललं न्हाई," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. कोणी का बोललं नसेल हे मी त्यांना सांगू शकले असते, पण पोरांसमोर नको वाटलं. मग त्यांनी नातवाच्या पाठीवर हात फिरवला. "हरलास व्हय? असू दे. निदान तुझं एक मत पडलं ना किटला, बास."

ओंकारने फेटा सावरला. क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात मी पाहिलाय हे त्याला माहीत होतं, मी काही बोलेन की काय एवढंच तो बघत होता. "व्हय," तो आजोबांना म्हणाला. मी फळ्याकडे वळून काहीतरी पुसायला लागले, फळ्यावर काही नव्हतं तरी.

पेढे झाले, फोटो झाले, पाहुणे गेले. स्नेहल टॅब गोळा करायला थांबली. ती एकेक टॅब पेटीत ठेवत होती आणि गुणगुणत होती. तिचा गळा इतका छान आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"मॅडम, ओंकारनी किटलाच दिलं असल ना?"

"मतदान गुप्त असतं, स्नेहल."

"तुम्ही तर पाहिलं."

"पाहिलं."

"मग सांगा की." ती हसली. "फेटा बांधून बसला होता. त्यानं किटलाच दिलं. नारळ घेऊन आला होता मला बसवायला. आता मी त्याच्याशी बोलणारच नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं. घरीदारी सगळे म्हणतात की हिच्या पोटात काही राहत नाही, आणि ते खरं आहे. ही पोरगी ज्याच्यावर रुसली होती त्यानेच तिच्या बाजूने हात वर केला होता, आजोबांच्या पाठीमागे, आणि घरी जाऊन तो हरलेल्याचं सांत्वन ऐकून घेणार होता. एक वाक्य बोलले असते तर दोघांचं भलं झालं असतं. पण मी ते एक वाक्य तिला सांगितलं असतं, तर उद्या समाधानचं कोणाला सांगितलं असतं? आणि परवा तिचं कोणाला?

"नाही सांगणार," मी म्हटलं.

ती हिरमुसली, पेटीचं झाकण जरा जोरात लावलं आणि दप्तर घेऊन खाली गेली. मी खिडकीत आले. फाटकाशी ओंकार उभा होता, सोडलेला फेटा काखेत. स्नेहल येताना पाहून त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती मान वळवून, भावाचा हात धरून त्याच्या पुढून निघून गेली. तो बाजूला सरकला, तिला रस्ता दिला, आणि तिथेच उभा राहिला.

वरून एक हाक मारायची होती. माझा आवाज सगळ्या गावाला ऐकू गेला असता. मी तोंड मिटलं, खिडकी लावून घेतली आणि चित्रकलेच्या खोलीची किल्ली मागायला खाली गेले.